डावा कान धड्याला, उजवा रस्त्याला

तळेगाव ढमढेरे
१४ डिसेंबर २०२४

धनश्री,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी ठेवला आहे. तिथपर्यंत वाचलंस तर तुझा.

राज्यस्पर्धेतलं तुझं कांस्यपदक टीव्हीच्या वरच्या खिळ्याला लटकतंय. आल्यागेल्याला मी सांगायचो, हे आम्हाला फुकटात मिळालं. पाय देवानं दिले, रस्ता सरकारनं दिला, आपलं काय गेलं? आज बसून खरं काय काय गेलं ते मनाशी मांडलं. तुझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं गेली. तुझ्या आईची पहाटेची झोप गेली. मावशीच्या हळदीला तू नव्हतीस, कारण त्या दिवशी चढावरचा सराव होता. ती हळद काही परत लागत नाही. कालव्याकडेची मऊ मातीची वाट मी सोडायला लावली, डांबरावर वेळ चांगली येते म्हणून. ती वाट गेली. आणखी एक गेलं. ते मी इथं लिहीत नाही. ते तुला माहीत आहे आणि शेजारी शंभूच्या घराला माहीत आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, एका अर्थी बरं झालं. फोनवर तुझं बोलणं मला धड समजतच नव्हतं. दौंडला मामाकडं रेल्वेच्या तारांमुळं आवाजाचा घोळ होत असणार. तुझी आई तिच्या फोनवरून, त्याच तारांतून, तुझ्याशी तासभर बोलते, हे मी बघतो. पण बायकांचे आवाज तारांतून बरे जात असतील. म्हणून पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा नजर टाकतोच.

मुद्द्याचं बोलतो. बारावीचा पहिला पेपर अकरा फेब्रुवारीला आहे. फॉर्म भरलेला आहे, केंद्र इथंच तळेगावात आहे. मामाकडं बसून रेल्वेच्या शिट्ट्या ऐकत दिवस काढलेस तर वर्ष जाईल.

तुला शिकवायचं कसं, हे कॉलेजात कुणाला सुचलं नव्हतं. सर म्हणायचे, "संपतराव, पोरगी पळून येते आणि तासाला बसल्या जागी झोपते. काहीतरी एक धरा." मी म्हणालो, "सर, पोरगी म्हंजी काय शेळी हाय व्हय, एका दाव्याला बांधायला?" पण घरी येऊन विचार केला. ह्या पोरीचं डोकं जागं कधी असतं? पळताना. मग धडा तेव्हाच द्यायचा. शंभूची मोनिका तुझ्याच वर्गात, वाचायला झकास, आवाज स्वच्छ. तिनं धडे मोबाइलवर बोलून ठेवायचे, तू ते ब्लूटूथवर ऐकत पळायचं, आणि बदल्यात तू तिला पळायला शिकवायचं. तिला पोलीस भरतीत जायचं होतं. अभ्यासाचं भय नव्हतं, धावण्याचं होतं. दोघींचं भागलं.

मध्ये मोकळी जागा सोडायची, ही मात्र तिची अक्कल. मी तिला म्हणालो होतो, "अगं, सलग वाच की. सवाल इचारतीस आन् मधीच गप का बसतीस?" तर म्हणाली, "काका, नुसतं ऐकून डोक्यात ऱ्हात न्हाई. तिनं तोंडानं उत्तर दिलं पायजे. आन् धाप लागलेल्या माणसाला जरा येळ लागतो." सहामाहीला तुझे इतिहासाचे गुण दुप्पट झाले ते त्या गप्प जागांमुळं, हे मी मानतो.

नियम मात्र माझा होता. डावा कान धड्याला, उजवा रस्त्याला. उजव्यात काही घालायचं नाही. आणि मोरीजवळच्या वळणावर मी स्कूटर लावून बसणार, कारण वळणापलीकडचं दिसत नाही, ऐकावं लागतं. मागून गाडी आली की मी शिट्टी मारणार, तुम्ही साईडपट्टीवर उतरणार. हे काम मीच करावं असं होतं. कंपनीत पत्रे ठोकायच्या प्रेस शॉपमध्ये होतो तेव्हा लाईनीच्या टोकाला उभं राहून सांगायचो, कुठल्या मशीनची डाय घासतेय. सुपरवायझर साहेब मला बोलावून नेत. कंपनी कानात घालायला नारिंगी बोळे द्यायची, मी खिशात ठेवायचो. कान बंद केल्यावर मशीन बोलणार कुणाशी? शिक्रापूरच्या चौकात डोळे मिटून उभा राहिलो तर आजही मागची गाडी भरलेली की रिकामी ते सांगेन. तुझ्या पावलावरून मी ओळखायचो, आज कुठल्या टाचेला फोड आहे. असे कान पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचे असतील तर आणून दाखव.

म्हणून घाटावर, मोनिकाच्या दशक्रियेला, मी जे बोललो ते चार माणसांनी विचारलं म्हणून बोललो. शिट्टी मी वाजवली होती. ज्याचे दोन्ही कान बंद, त्याला शिट्टी कशी ऐकू येणार? एवढंच म्हणालो. त्यात मोनिकाची निंदा नव्हती. तू उठलीस आणि मामाच्या गाडीत जाऊन बसलीस. काच खाली करून काहीतरी म्हणालीसही. मी "बरं" म्हणालो. अजून काय म्हणणार होतो?

ये. वाचलंस, तर आता आशीर्वाद.

तुझा आप्पा

•

तळेगाव
२९ डिसेंबर

धनश्री,

तुझ्या भैरूमामाचा फोन आला होता. म्हणाला, "दाजी, पोरगी नाचत न्हाई." मी म्हणालो, "तिला नाचायला कोण सांगतंय? शेजारची पोर गेलीय, नाचायचं कशाला?" मग तुझ्या आईनं फोन हिसकावून घेतला. वाचत नाही, असं म्हणत होता म्हणे. त्याला सांग, तोंडातली तंबाखू थुंकून बोलत जा. हल्ली सगळ्यांनाच पुटपुटायची सवय लागली आहे. कंपनी सुटल्यावर काढलेल्या आमच्या मेसमधली बिहारी पोरं तर जेवण मागतात की आशीर्वाद मागतात कळत नाही. "चावल और दो" म्हटलं की मी डाळ वाढतो आणि ती पोरं हसतात. हसेनात का, पोट भरल्याशी कारण.

तर तू वाचत नाहीस. आई म्हणाली, पुस्तक उघडतेस आणि ओळी नुसत्या दिसतात. मग मोबाइलवर धडा लावतेस आणि पहिला प्रश्न आला की बंद करतेस. कारण ती विचारते आणि थांबते.

हे ऐकून मी आठवडाभर विचार केला. तुझी सवय कानाची आहे. ती मोडायला आता वेळ नाही. सवय तीच ठेवायची, आवाज बदलायचा. म्हणून मी स्वतः वाचलं. हसू नको. दहावी पास आहे मी, वाचता येतं. मेस बंद झाली की दुपारी गोडाऊनमध्ये तांदळाच्या पोत्यांवर बसून इतिहासाचे चार धडे आणि राज्यशास्त्राचे दोन वाचून मोबाइलवर घेतलेत. तुझ्या आईनं तुला पाठवलेत. ती म्हणाली, "गल्लीतली कुत्री उठली तुमच्या वाचण्यानं." उठू देत. पोरीचं वर्ष वाचतंय.

मोनिका काय काय करायची ते मी लक्षात ठेवलं होतं, ते तुला पुन्हा सांगतो, कारण पद्धत चांगली होती आणि पद्धतीचा काही गुन्हा नाही. पळून आल्या आल्या पुस्तक धरायचं नाही. आधी खायचं, मग झोप, मग लिहायचं. सकाळी ऐकलेलं संध्याकाळी न बघता कागदावर उतरवायचं. जे उतरलं नाही तेवढंच दुसऱ्या दिवशी परत ऐकायचं. नावडता विषय अंग ताजं असताना, आवडता थकल्यावर. स्पर्धेच्या आठवड्यात नवीन काही नाही, नुसतं जुनं घोळवायचं. बघ, मी कॉलेजात गेलो नसलो तरी तुमच्या दोघींच्या शाळेत होतो. वळणावर.

शंभू बोलत नाही. समोरून आला की लुंगी सावरतो आणि बाजूनं जातो. त्याची करुणा दारात बसते. मोनिकाच्या फोटोला हार घालते आणि फोटोशी भांडते. काल पाण्याला गेलेल्या पोरींना अडवून म्हणत होती, "बायांनो, कानात घालू नगा गं ते. माझ्या भवानीनं दोन्ही कान बुजवलं आन् गेली." आईनं मला सांगितलं. आईनं सांगताना माझ्याकडं बघितलं नाही.

तू निदान माझा आवाज लावून बघ.

आप्पा

•

तळेगाव
१२ जानेवारी २०२५

धनश्री,

तुझी चिठ्ठी मामानं न्हावऱ्याच्या जीपवाल्याच्या हाती पाठवली, ती मिळाली. एवढ्या दिवसांनी तुझं अक्षर दिसलं. अक्षर सुधारलंय.

तू लिहितेस: "आप्पा, तुम्ही ओरडून वाचताय. आणि कुठंही थांबत नाही, उत्तर द्यायला जागाच नाही. मोनीच्या एकाच कानात ब्लूटूथ होतं. जोडीतलं दुसरं माझ्या डाव्या कानात होतं, आम्ही रोज वाटूनच घ्यायचो. गाडीत बसताना मी तुम्हाला हेच सांगितलं होतं. तुम्ही बरं म्हणालात. आणि नंतरही लोकांना तेच सांगत राहिलात. काकू मोनीला शिव्या देतात. काकूंना जाऊन खरं सांगा. तोवर मी तळेगावात पाय ठेवणार नाही. पेपर गेला तरी चालेल."

मी ही चिठ्ठी खिशात घालून दोन दिवस फिरलो.

गाडीत बसताना तू हे म्हणाली होतीस? मला वाटलं, तू "येते" म्हणालीस. देवाशपथ. घाटावर गर्दी होती, कावळ्याला बोलवत होते, गाडी चालू होती.

बरं, एकेक कान होता असं धरू. मग दोघींचे उजवे कान मोकळे होते. मग शिट्टी का ऐकू आली नाही? तू म्हणशील, वाजलीच नाही. आणि मी सांगतो, वाजली. माझ्या तोंडात होती, मला माहीत नसणार? ती सकाळ मी रोज बघतो. धुकं होतं. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या, वर गाण्याचा दणका, ते ड्रायव्हर लग्नाची वरात घेऊन निघाल्यासारखे असतात. तुम्ही दोघी मोरी ओलांडून पुढं गेला होतात. तू आतल्या बाजूला, मोनिका रस्त्याच्या बाजूला. ही जागाही मीच ठरवून दिली होती. वेग तुझा, म्हणून तू आत. मागून बाजाराला जाणारी भाजीची पिकअप आली. मी ऐकली, शिट्टी मारली. पिकअपवाला उतारावर न्यूट्रलमध्ये असणार. डिझेल वाचवतात. न्यूट्रलमधली गाडी कुणाला ऐकू येणार?

माझी शिट्टी आणि तो आवाज, ह्यात अंतर किती होतं, एवढंच मला नीट आठवत नाही.

करुणाला काय सांगू? दोन महिन्यांनी दारात जाऊन म्हणू, वहिनी, चूक झाली, एकच कान होता? त्यानं मोनिका येते का? उलट ती विचारेल, मग ऐकू कसं आलं नाही? 

थांबायच्या जागा सोडून मी परत वाचतो. पण परीक्षा आणि हे, दोन्ही एकात बांधू नको. तू लहान आहेस म्हणून सांगतो. वर्ष गेलं की गेलं.

आप्पा

•

तळेगाव
२६ जानेवारी

धनश्री,

कारखान्यात आम्ही भांडत बसत नव्हतो. पार्ट वाकडा निघाला तर मशीन परत चालवून बघायचं. म्हणून ठरवलं, परत चालवून बघू. शिट्टी वेळेवर वाजते, हे तुला लिहून पाठवायचं आणि विषय संपवायचा.

आज पहाटे तुझ्या आईला स्कूटरवर घेऊन मोरीच्या वळणावर गेलो. ती म्हणाली, "झेंडावंदनाला लोक शाळंत चाललेत आन् तुमी बायकूला मोरीवर?" मी म्हणालो, "चल तर." मी रोजच्या जागी बसलो, तोंड रस्त्याकडं. तिला माझ्या मागं उभं केलं. सांगितलं, मागून गाडीचा आवाज आला की हात वर करायचा, बोलायचं नाही. मी शिट्टी मारीन. आरसा तिच्याकडं वळवून ठेवला, म्हणजे माझ्या शिट्टीनंतर किती वेळानं तिचा हात वर जातो ते बघता येईल. नंतर जाणार, ह्याची मला खात्री होती.

पहिला ट्रक मला ऐकू आला. शिट्टी मारली. पण आरशात तिचा हात आधीच वर होता. मी म्हणालो, सुरुवातीला माणूस घाई करतो.

मग तिचा हात परत वर गेला. रस्त्यावर काही नाही. मी म्हणालो, "अनिता, उगाच हात वर करू नको."

"उगाच कुठं? येतीय की गाडी."

"कुठंय?"

हात तसाच वर. मी कान देऊन बसलो. मग ऐकली. छोटा टेम्पो होता.

तेवढ्यात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तसाच गाणी लावलेला. आता बघ म्हटलं. मला गाणं ऐकू येत होतं. गाण्याखाली ट्रॉलीच्या साखळ्याही ऐकू येत होत्या. आरशात तुझ्या आईचा हात वर गेला. मी शिट्टी ओठांत धरून बसलो. हात वरच. तिचं तोंड हललं. आणि एक पिकअप माझ्या उजव्या गुडघ्याला वारा घालून निघून गेली. ती गेल्यावर मी शिट्टी मारली. मारली, हे खरं आहे.

मी स्कूटरवरून उतरलो. म्हणालो, "तू अंदाजानं हात वर करतीस."

ती म्हणाली, "बाजारात मी तुमच्या कुठल्या अंगानं चालते?"

"कुठल्या म्हंजी?"

"डाव्या. दोन वर्सं झाली. उजवीकडनं बोललं की तुमी नुसतं बरं म्हणता."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "उजवीकडनं सांगितलं आसंल."

ती हसली नाही, मीही नाही. स्कूटर ढकलत घरी आलो. किक मारायचं सुचलं नाही.

तुझ्या आईला माहीत होतं आणि तरी ती मला रोज पहाटे शिट्टी शोधून द्यायची, ह्याचा मला रस्ताभर राग येत होता. घरी येईपर्यंत उरला नाही. ती म्हणाली, "मला वाटलं, बायकूचंच ऐकू येत न्हाई. रस्त्याचं येत आसंल."

आप्पा

•

तळेगाव
७ फेब्रुवारी

धनश्री,

मंगळवारी दौंडला आलो होतो. तुझ्याकडं नाही. कानाच्या दवाखान्यात. इथं शिक्रापूरला दाखवलं असतं, पण मेसमधली पोरं रस्त्यावरच असतात. डॉक्टरीणबाईंनी एका काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बसलो. बराच वेळ झाला तरी आवाज येईना. वाटलं, मशीन चालू करायला विसरल्या. काच वाजवली. त्या म्हणाल्या, "काका, कधीचं चालू आहे."

मग विचारलं, काम कुठं केलं. सांगितलं, प्रेस शॉप. मशीन कुठल्या हाताला होतं? सांगितलं, उजव्या. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, ह्यात आवाज येतो असं वाटत राहतं, पण तो कुठून येतो ते कळत नाही, आणि गोंगाटात तर काहीच कळत नाही. मी विचारलं, "गाणी लावलेला ट्रॅक्टर समोर असंल तर?" त्यांनी वर बघितलं. "कशासाठी विचारता?" मी म्हणालो, सहज.

मामाच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो होतो. तुझे बूट ओट्यावर होते. धूळ बसलेली दिसली. परत फिरलो.

काल शंभूच्या घरी गेलो. शंभू कट्ट्यावर बसला होता, करुणा मेथी निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. मोनिकाच्या एकाच कानात होतं. उजवा कान तिनं नियमानं मोकळा ठेवला होता. शिट्टी गाडी गेल्यावर वाजली. गाडी मला ऐकू आली नाही.

करुणा म्हणाली, "परत म्हणा."

परत म्हणालो.

"मोठ्यानं म्हणा. घाटावर म्हणला व्हता तसं. गल्लीला ऐकू जाऊ द्या."

तुला माहीत आहे, मला हळू बोलता येत नाही म्हणून सगळे चिडवतात. काल आवाज फुटेना. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा समोरच्या दारात दोन बाया उभ्या होत्या.

ती मेथी तशीच टाकून फोटोपाशी गेली. आमच्याकडं पाठ करून म्हणाली, "दोन म्हैनं मी हिला शिव्या देतीया. भवानी म्हणलं. बहिरी म्हणलं." मग माझ्याकडं वळली. "तवा का न्हाई सांगितलं? तवा कुठं गेलं व्हतं तुमचं त्वांड?" शंभू उठून मागच्या दारानं निघून गेला. तो माझ्याशी परत बोलेल असं मला वाटत नाही, आणि बोलावं असं म्हणायचा हक्क माझ्याकडं नाही.

निघताना करुणानं हाक मारली. दुसऱ्या हाकेला कळलं. म्हणाली, "तिचा आवाज तुमच्या धनाकडं हाय ना? फोनात? आमच्याकडं काय बी न्हाई. फोटो हाय, त्यो बोलत न्हाई. त्यो आवाज तेवढा मला द्या म्हणावं."

हा निरोप तुझा आहे. तो पोचवला.

पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. हवालदार म्हणाला, "काका, गाडीचा नंबर हाय, ड्रायव्हर हाय, समदं लिवलंय. शिट्टीचा रकाना न्हाई आमच्याकडं." मी म्हणालो, तरी लिहून घ्या. त्यानं एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद कशात लावावा म्हणून बराच वेळ बघत बसला.

पेपर मंगळवारी अकराला आहे. हे मी कुठल्याही बदल्यात लिहीत नाही. तू आलीस तर आईपाशी ये, नाही आलीस तरी मी पुन्हा काही म्हणणार नाही. वळणावर आता कुणी बसत नाही. शिट्टी आईनं कुठंतरी ठेवली आहे. मी विचारलेलं नाही.

आप्पा

•

तळेगाव
११ फेब्रुवारी, संध्याकाळ

धनश्री,

तू आलीस, पेपर दिलास, हे अख्ख्या गल्लीला कळलं. घरी आली नाहीस, हेही कळलं. आईनं पुरणाचा घाट घातला होता, तो मेसमधल्या पोरांनी संपवला.

तुला एक सांगायचं म्हणून आजच लिहायला बसलो. तू आईच्या मोबाइलवर पाठवलेले मोनिकाचे धडे आईनं करुणाला लावून दिले. करुणा परवापासून दारात तो मोबाइल मांडीवर घेऊन बसते. तिला अक्षर वाचता येत नाही, पण ती सगळे धडे ऐकते, इतिहास, राज्यशास्त्र, जे असेल ते. आज सकाळी मी तुझ्या केंद्राकडं निघालो तेव्हा त्यांच्या दारावरून गेलो. डाव्या अंगानं गेलो, म्हणून ऐकू आलं. मोनिका विचारत होती, "वास्को द गामा कुठल्या बंदरात उतरला? सांग, धने." आणि थांबली. त्या गप्प जागेत करुणा म्हणाली, "न्हाई गं बाई म्हायती." मग मोनिका म्हणाली, "बरोबर. कालिकत." आणि करुणानं हसून पदर डोळ्याला लावला. मला बघितलं आणि हसू मिटलं.

मी तिथं थांबलो नाही.

केंद्राबाहेर पोरांचे बाप मोटारसायकली लावून उभे होते. मी लिंबाच्या झाडाखाली उभा राहिलो. घंटा झाली, ती ऐकली. पोरं सुटली, एकच कालवा. तू भैरूमामाच्या मागून आलीस. वाळली आहेस. उजव्या मनगटाला शाई लागली होती, म्हणजे शेवटपर्यंत लिहीत होतीस. तू सरळ मामाच्या गाडीकडं जाशील असं वाटलं, पण तू वाट वाकडी करून माझ्या बाजूनं आलीस. त्याच वेळी मागं उसाचा ट्रॅक्टर चालला होता. तू जवळून जाताना थांबलीस आणि काहीतरी म्हणालीस. एक वाक्य होतं. तुझे ओठ मी बघितले. मग तू माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिलीस, धाप लागलेल्या माणसाला वेळ द्यावा तशी. मग गेलीस.

तू उजवीकडून आली होतीस. ह्या वेळी मी "बरं" म्हणालो नाही.

मला ऐकू आलं नाही.